नोंद कोणाची? सुरुवातीचे इंटरनेट आणि शिरूर कासार

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याआधी हे जाळे विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते होते. १९८६ पासून ‘एर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याने आयआयटी आणि मोजक्या इतर संस्था जोडल्या गेल्या होत्या. नवी सेवा आधी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या महानगरांना मिळाली, मग पुण्याला आणि बंगळुरूला. चित्रांसह पाने पाहायची तर वर्षाकाठी २५० तासांच्या वापरासाठी १५,००० रुपये भरावे लागत. नुसती अक्षरे दाखवणारे खाते ५,००० रुपयांना होते आणि विद्यार्थ्यांना त्यात मोठी सवलत होती. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. मराठवाड्यातल्या शेतमजुराच्या वर्षभराच्या कमाईतून त्या काळी १५,००० रुपयांचे हे एक खाते आले नसते.

भारतातल्या या प्रारंभाच्या सहाच दिवस आधी, ९ ऑगस्टला, अमेरिकेत नेटस्केप या कंपनीचे समभाग बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांची किंमत दुपटीवर गेली. पुढची पाच वर्षे जगभर जी अपेक्षा फुगत गेली तिची सुरुवात साधारणपणे तिथून मोजतात. या अपेक्षेला आर्थिक बाजू होती, तशी सामाजिकही होती. बिल गेट्स यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात असा बाजार रंगवला की ज्यात विकणारा आणि घेणारा एकमेकांना थेट सापडतील आणि मधल्या हातांचा खर्च उरणार नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये दाव्होस येथे जॉन पेरी बार्लो यांनी जो जाहीरनामा लिहिला, त्यात वंश, पैसा वा जन्माने मिळालेला दर्जा न विचारणाऱ्या जगाची घोषणा होती. अंतर मिटेल आणि मधला माणूस जाईल, अशी ही दोन वचने होती. शंका घेणारेही तेव्हाच होते. जुलै १९९५ मध्ये अमेरिकी सरकारच्याच दूरसंचार विभागाने एक पाहणी प्रसिद्ध केली आणि ग्रामीण भागातले गरीब या जाळ्याबाहेर राहत असल्याचे आकड्यांनिशी दाखवले. पुढे ज्याला ‘डिजिटल दरी’ म्हटले गेले तिची ही पहिली ठळक नोंद.

ही वचने आणि या शंका पारखायच्या तर पुण्या-मुंबईपेक्षा बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका अधिक उपयोगी आहे. अंतर आणि मधला माणूस या दोन गोष्टींवरच इथले सगळे अर्थकारण उभे आहे.

तालुका आणि त्याची वाट

शिरूर कासार हे सिंदफणा नदीच्या काठचे गाव. बालाघाटची रांग, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस. पिके बाजरी, कापूस, तूर, पाण्याची सोय असेल तिथे कांदा. पश्चिमेला अहिल्यानगर जिल्ह्यातला पाथर्डी तालुका लागतो आणि तिथली स्थितीही फार वेगळी नाही. १९९९ मध्ये राज्यात नवे तालुके झाले, त्यात शिरूर कासारला तालुक्याचा दर्जा मिळाला. त्याआधी तहसीलच्या प्रत्येक कामासाठी दुसऱ्या तालुक्याचे ठिकाण गाठावे लागे. एका दाखल्यासाठी एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी आणि ‘साहेब आज नाहीत’ हे उत्तर, असा तो हेलपाटा असे.

दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये, कधी आणखी उशिरा परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि पैसे ठरतात ते कोयत्यावर. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. लग्न, दवाखाना, जुने देणे यांत ती संपते आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. फेड पुरी झाली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. म्हणजे ज्याच्या घामाने साखर होते त्याच्या आणि कारखान्याच्या मध्ये निदान दोन माणसे उभी असतात.

मराठवाड्याच्या मागासलेपणाचे माप १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने काढले. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये ठरला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांची मोजदाद त्यात झाली. दूरध्वनी हा केंद्राचा विषय असल्याने तो राज्याच्या हिशेबाबाहेरच राहिला. १९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत देशातल्या प्रत्येक गावात दूरध्वनी देण्याचे ठरवले होते. ते साध्य झाले नाही. रेल्वेची वाट आणखी लांबली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली तीही १९९५च्याच सुमारास, आणि शिरूर कासार तालुक्यातल्या रायमोह्यावरून बीडपर्यंत प्रवासी गाडी धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तारेवाटे येणारे जाळे रुळांच्या कितीतरी आधी पोचले, हे इथे मान्य करायलाच हवे.

तालुक्याला जगाशी जोडणारी पहिली खरी सोय म्हणजे एसटीडी-पीसीओचे दुकान. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने धूळ आणि उष्णता सोसणारी, वातानुकूलनाशिवाय चालणारी ग्रामीण एक्स्चेंज बनवली. घरोघर फोन देणे परवडत नव्हते, म्हणून एक फोन सगळ्या गावाने वापरायचा असा तो विचार होता. पिवळ्या पाटीच्या त्या दुकानातून फडावर गेलेल्या माणसांचे निरोप येत: पोहोचलो, आजारी आहे, पैसे पाठवतो. दुकानदार निरोप लिहून घेई आणि घरी पोचवी. इंटरनेटचे जाळे पुढे ज्या रूपात या भागात आले, त्याचा नमुना या दुकानात आधीच तयार होता. यंत्र एक, वापरणारे अनेक आणि मध्ये एक चालवणारा.

वारणा

भारतातल्या ग्रामीण इंटरनेटचा पहिला मोठा सरकारी प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि तो उसाच्या पट्ट्यात झाला. १९९८ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यातून कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यात धरली होती. खर्च सुमारे अडीच कोटी रुपयांचा. त्यातला निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाचा. काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होते.

जागा विचारपूर्वक निवडली होती. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात उभारलेल्या साखर कारखान्याभोवती दूधसंघ, बँक, ग्राहक भांडार, शाळा-महाविद्यालये अशी सहकारी संस्थांची वीण तयार झाली होती. सभासदांची यादी होती, उसाच्या नोंदी होत्या, कर्जाची खाती होती, आणि संगणक शिकलेली मुले वारणेच्याच महाविद्यालयात होती. गावागावात बूथ उघडले गेले. तिथे बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, रोजगाराची माहिती, एसटी-रेल्वेची वेळापत्रके आणि दवाखान्यांची माहिती मिळेल असे ठरले होते. त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी अहवालांत वारणेचे नाव मोठ्या आशेने घेतले जाई.

प्रत्यक्षात त्या बूथवरून जे चालले ते मुख्यतः कारखान्याचे काम. उसाची लागण नोंदवणे, तोडीचा क्रम पाहणे, किती टन गेला आणि किती रक्कम जमा झाली हे विचारणे, खताची मागणी देणे. गावातले संगणक बाहेरच्या जगाशी फारसे जोडले गेलेच नाहीत. नोंद भरून मध्यवर्ती यंत्राकडे पाठवण्याची ती साधने झाली. वीज आणि दूरध्वनीची तार, दोन्ही बेभरवशाची. जुने होत चाललेले संगणक दुरुस्त करणे हा वेगळाच खर्च. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी २००६च्या सुमारास हा वापर तपासला तेव्हा त्यांना दिसले, की बूथवरची बहुतेक कामे चार-दोन शब्दांच्या प्रश्नोत्तरांची आहेत. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून पाहिला. शेतकऱ्याने क्रमांक आणि प्रश्न एसएमएसने पाठवायचा, उत्तर तसेच यायचे. काम तेवढेच झाले, खर्च मात्र बराच खाली आला आणि रात्री-अपरात्री पाण्याच्या पाळीवर असतानाही शेतकऱ्याला विचारता येऊ लागले.

वारणेचा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपला ऊस किती भरला हे सभासदाला कारखान्याच्या फेऱ्या न मारता कळणे ही छोटी गोष्ट नव्हती. काट्यावरचा आकडा आणि खात्यावरचा आकडा जुळवून पाहता येणे हा सहकारातल्या सभासदाचा जुना प्रश्न होता, आणि जाळ्याने त्याला खरेच उत्तर दिले. मात्र हे उत्तर कोणाला मिळाले हे बारकाईने पाहायला हवे. ज्याच्या नावावर जमीन होती, कारखान्याचा भाग होता आणि खाते होते, त्याला मिळाले.

पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडांवर बीड जिल्ह्यातून हजारो कोयते त्याच काळात येत होते. उसाच्या प्रत्येक टनाची नोंद दोघांना लागू होती: ज्याने तो पिकवला त्याला, आणि ज्याने तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरला त्याला. पहिल्याची नोंद संगणकात गेली. दुसऱ्याची मुकादमाच्या वहीत राहिली. त्या वहीतला उचलीचा आकडा, खाड्यांचा दंड, वाहनात भरलेला माल, यांची दुसरी प्रत मजुराकडे नसे. जाळे विणणाऱ्यांनी मजुराला मुद्दाम वगळले होते असे नाही. जाळे जुन्या खात्यांवर विणले गेले आणि त्याचे खातेच नव्हते. सुरुवातीच्या इंटरनेटबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वचन सर्वांना दिले गेले; फळ मात्र ज्याची नोंद आधीपासून होती त्याच्या पदरात पडले.

भाव कळला, पण

मधला माणूस जाईल या वचनाचा शेतीतला अर्थ सोपा होता: शेतकऱ्याला बाजारातला भाव कळला की व्यापारी त्याला फसवू शकणार नाही. मार्च २००० मध्ये केंद्राने बाजार समित्यांचे भाव संगणकावर आणणारी ‘अ‍ॅगमार्कनेट’ योजना सुरू केली. त्याच वर्षी मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीने सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ उघडली आणि धार जिल्ह्यात सरकारी ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच बंदरांवरचे भाव फोनवर विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकासाठी भाव ४ टक्क्यांनी उतरला. जगभरच्या अभ्यासकांनी हे उदाहरण उचलून धरले.

महाराष्ट्रातला अनुभव वेगळा निघाला. २००७ मध्ये रॉयटर्सने राज्यात मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी मराठी सेवा सुरू केली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी १०० गावांत तिची रीतसर चाचणी घेतली: काही गावांना सेवा दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडचे भाव तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात सरासरी लक्षणीय फरक आढळत नाही.

शिरूर कासारच्या शेतकऱ्याला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. केरळचा मच्छीमार होडी वळवू शकत होता. इथला शेतकरी कापूस घरात साठवू शकत नाही, कारण बियाणे आणि खत उधारीवर आणलेले असते आणि उधारी देणारा आणि माल घेणारा बहुतेक वेळा एकच असतो. कांद्याची गाडी दुसऱ्या बाजार समितीत न्यायची तर भाडे आधी लागते, आणि आडत्याकडून घेतलेली रक्कम फिटलेली नसते. भाव माहीत असूनही तो त्याच आडतीवर जातो. फडावरच्या मजुराचे तर याहून सरळ आहे: शेजारच्या कारखान्यावर जास्त दर मिळतो हे त्याला कळले तरी उचल फिटेपर्यंत त्याला टोळी सोडता येत नाही. माहितीची टंचाई हा त्याच्या अडचणीचा एक भाग होता, आणि जाळ्याने तेवढाच भाग हलका केला. देण्याचा भार जाळ्याच्या आवाक्यात नव्हता. सुरुवातीच्या काळात ज्यांनी या योजना आखल्या त्यांनी सावकारी आणि उचल यांचा विचार माहितीच्या विचारापासून वेगळा ठेवला, ही त्यांची मोठी उणीव मानली पाहिजे.

नोकरीची भीती, नोकरीची आशा

इंटरनेटच्या आधी संगणकाची भीती होती. १९८०च्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रांना विरोध केला, १९८३ मध्ये त्यांच्याशी करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाची दिशा ठरवली. १९९० नंतर वारे फिरले. सन २००० येताना जुन्या संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याचे काम भारतीय कंपन्यांना मिळाले, पुण्याजवळ हिंजवडीला माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढू लागले आणि संगणक शिकला की नोकरी हे समीकरण खेड्यापर्यंत गेले. मार्च २००० पासून अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला, कंपन्या बुडाल्या, तरी हे समीकरण गावात टिकून राहिले.

त्याला मराठी रूप दिले एमएस-सीआयटीने. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रम सुरू झाला. मराठीतले पुस्तक, तालुक्याच्या गावी खासगी केंद्र, ऑनलाइन परीक्षा आणि शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्राची अट, या चार गोष्टी एकत्र आल्याने तो प्रचंड पसरला. आजवर एक कोटीहून अधिक जणांनी तो पूर्ण केला आहे. बीड जिल्ह्यात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आणि लग्नाआधी ‘काहीतरी हातात असावे’ म्हणून पाठवलेल्या मुली, सगळे याच केंद्रांत पहिल्यांदा माऊस धरायला शिकले. भारनियमनाच्या वर्षांत वीज असेल त्या वेळी तुकडी घ्यावी लागे. एका यंत्रावर दोघे-तिघे बसत.

प्रमाणपत्राने नोकरी मिळाली असे फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल, कारण प्रमाणपत्र सगळ्यांकडे होते आणि जागा मोजक्या होत्या. पण मुलींच्या बाबतीत या केंद्रांनी एक वेगळी गोष्ट केली. तालुक्याच्या गावी रोज येण्याचे, यंत्रासमोर एकटीने बसण्याचे आणि परीक्षेत नाव मिळवण्याचे घरच्यांना मान्य असलेले कारण त्यांना मिळाले. इंटरनेटच्या सामाजिक वचनांपैकी बार्लोंच्या जाहीरनाम्यात नसलेले हे वचन इथे काही अंशी पुरे झाले.

धाक आणि अक्षरे

जाळ्याबरोबर समाजाची काळजीही आली. कायद्याच्या बाजूने तिला पहिले उत्तर देणारा मंत्री बीड जिल्ह्यातलाच होता. अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन हे १९९९ मध्ये निर्माण झालेल्या केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे मंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मंजूर होऊन १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल स्वाक्षरी यांना त्याने मान्यता दिली, आणि ६७व्या कलमाने अश्लील मजकूर प्रसृत करणे हा गुन्हा ठरवला. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लहान मुलांना अशा मजकुरापासून कसे वाचवावे यासाठी समिती नेमली. जानेवारी २००२ मधील तिच्या अहवालात सायबर कॅफेचालकाने ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, अल्पवयीनांसाठीचे संगणक उघड्यावर असावेत, अशा शिफारशी होत्या. फळ्यांनी बंद केलेल्या खोक्यांत संगणक ठेवण्याची कॅफेची पद्धत तेव्हा सगळीकडे होती, त्यामुळे ही चिंता पोकळ नव्हती. पण या धाकाचा परिणाम मुलींवर सगळ्यात आधी झाला: कॅफे ही ‘चांगल्या घरच्या मुलींनी जाण्याची जागा नव्हे’ असे ठरले. तालुक्यात प्रवेशअर्ज भरायला आणि निकाल पाहायला भाऊ किंवा वडील जात आणि क्रमांकाची चिठ्ठी मुलीकडून घेऊन जात.

दुसरी अडचण लिपीची. पुण्यातल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी चांगले काम केले होते आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाणही ठरले होते. तरीही छपाईसाठी बनलेला प्रत्येक फाँट आपल्यापुरता चाले. एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर ठिपके आणि चौकोन होऊन दिसे. युनिकोड रुळेपर्यंत, म्हणजे सन २००० नंतरची कैक वर्षे, जाळ्यावर मराठी वाचणे हे शहरी आणि परदेशस्थ कुटुंबांनाच जमणारे काम राहिले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण सातवीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याला कीबोर्डवर स्वतःचे नाव मराठीत लिहिता येण्याची वेळ हाती मोबाइल आल्यावरच आली. तोवर त्याच्यासाठी कोणीतरी लिहून देणे भाग होते.

खिडकीवरचा माणूस

२००१ नंतर राज्यात ‘सेतू’ केंद्रे उघडली, मग महा ई-सेवा केंद्रे आली, २०११ पासून ग्रामपंचायतीत ‘संग्राम’ कक्ष आले आणि पुढे या सगळ्यांना ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असे नाव मिळाले. जाळे घराघरात न जाता खिडकीवर आले. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळे तिथे. हाती लिहिलेला सातबारा जाऊन संगणकीय उतारा आला, २०१८ पासून तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कोठूनही निघू लागला. तलाठी भेटला नाही म्हणून रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस त्यामुळे पुष्कळ कमी झाले. इथे अंतराचे वचन खरेच पाळले गेले आणि ते मोकळेपणाने मान्य करावे.

मधला माणूस मात्र गेला नाही. आता तो केंद्रचालक झाला. बहुधा तो गावचाच तरुण असतो, एमएस-सीआयटी केलेला, कर्ज काढून संगणक, प्रिंटर आणि इन्व्हर्टर घेतलेला. त्याच्या कमाईचे दर शासनाने ठरवलेले असतात आणि ते कमी असतात, म्हणून झेरॉक्स, फोटो, ‘फॉर्म भरण्याचे’ वेगळे पैसे सुरू होतात. त्याच्यावर गावाचा विश्वास असतो आणि रागही असतो. ओटीपी त्याला सांगितला जातो, पासवर्ड त्याच्याच वहीत लिहिलेला असतो. जुन्या मधल्या माणसापाशी पैसा होता. याच्यापाशी लोकांची ओळख आहे.

या रचनेची मोठी कसोटी २०१७ मध्ये लागली. जूनमध्ये राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असे सांगितले आणि प्रत्येकाने ऑनलाइन अर्ज करणे बंधनकारक केले. अर्ज जोडीने भरायचा, आधार आणि बोटांचे ठसे लागायचे. ऐन खरिपात केंद्रांपुढे रांगा लागल्या. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द मराठवाड्यातल्या आजीबाईंनाही त्या पावसाळ्यात पाठ झाले. दिवसा चालत नाही म्हणून लोक रात्री केंद्रावर बसून राहिले. कामाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटेना. मुदत वाढवून २२ सप्टेंबर केली गेली, आणि नंतर याद्यांतल्या चुकांमुळे पैसे जमा होण्यास आणखी वेळ लागला. खरे लाभार्थी ओळखण्यासाठी छाननी हवी होती यात शंका नाही. पण ती छाननी करण्याचा सगळा भार यंत्रणेने स्वतःवर न घेता रांगेत उभ्या असलेल्या माणसावर टाकला.

पीकविम्यात याची उलट बाजू दिसली. २०२३च्या खरिपापासून शेतकऱ्याला एका रुपयात विमा मिळू लागला आणि केंद्रचालकाला अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये ठरले. गरिबाला विमा काढणे सोपे झाले, पण त्याचबरोबर शासकीय आणि देवस्थानच्या जमिनींवर, नसलेल्या पिकांवर अर्ज भरले गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यांत बीड जिल्ह्याचे नाव पुन्हा पुन्हा घेतले गेले. २०२५ मध्ये ही योजना बदलण्यात आली. खोट्या अर्जांची शिक्षा खऱ्या शेतकऱ्याने वाढलेल्या हप्त्याच्या रूपाने भोगली.

फडावरचे जाळे

२०११च्या जनगणनेत देशातल्या ३.१ टक्के घरांत इंटरनेटसह संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ०.७ टक्के होते. सोळा वर्षांत संगणकावाटे जाळे खेड्यात गेले नाही, असा याचा अर्थ. ते गेले मोबाइलवाटे, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त डेटा आणल्यावर तीन-चार वर्षांत गेले. पूर्वी पीसीओवर निरोप ठेवणारी कुटुंबे आता उसाच्या फडातून गावाकडच्या मुलांशी व्हिडिओवर बोलतात. आजी-आजोबांपाशी राहिलेल्या लेकराचा चेहरा संध्याकाळी दिसणे ही अंतराच्या वचनाची सगळ्यात मोठी पूर्तता म्हणावी लागेल, आणि कोणत्याही कृतिदलाच्या आराखड्यात ती नव्हती.

नोंदीचा प्रश्न याने सुटला नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत मजुरांची नोंदणी सुरू झाली, ग्रामसेवकांनी ओळखपत्रे द्यावीत असे ठरले, आणि महामंडळाच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये व तेवढीच रक्कम शासनाकडून घेण्याची व्यवस्था झाली. ऊस तोडणारा माणूस सरकारी यादीत स्वतःच्या नावाने आला, ही खरी प्रगती आहे. पण ही यादी गावाची आहे, कामाची नाही. कोणत्या कोयत्याने कोणत्या फडात किती टन तोडला, उचलीतून किती वळते झाले आणि किती उरले, याचा हिशेब अजूनही मुकादमाकडे राहतो. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी उभी राहते तेव्हा संगणकाच्या पडद्यावर वाहनाचा क्रमांक येतो, ठेकेदाराचे नाव येते, शेतकऱ्याचा गट क्रमांक येतो आणि वजन येते. वारणेच्या बूथवर सभासदाला जी सोय झाली ती तोडणी मजुराला देण्यासाठी आज नव्या यंत्राची गरज नाही. त्या पडद्यावर टोळीतल्या कोयत्यांची नावे घालून, टनाची पावती त्यांच्या मोबाइलवर पाठवणे कारखान्यांनी आणि शासनाने ठरवले की पुरे. ठेकेदारीची साखळी टिकवण्यात ज्यांचे हित आहे त्यांचा याला विरोध असणार. तो मोडण्याचे काम तंत्रज्ञांचे नाही. कारखाने, मजूर संघटना आणि शासन यांच्यात दर काही वर्षांनी दरवाढीचा जो करार होतो, त्यातच हे कलम लिहिले गेले पाहिजे.